बाळाला धान्य मानवत नाही, तेव्हा

माझ्या भाचीच्या मुलाला सातव्या महिन्यात तांदळाची पेज सुरू केली. पहिले दोन दिवस एकेक चमचा दिला, काही त्रास झाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याने अर्धी वाटी आवडीने खाल्ली आणि अकराच्या सुमारास पहिली उलटी झाली. मग दर दहा मिनिटांनी एक. पोटात काही उरलं नाही तरी कोरड्या ओकाऱ्या थांबेनात. पोर पांढरंफटक पडलं, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. दवाखान्यात सलाइन लावलं, पोटाचा संसर्ग आहे असं सांगण्यात आलं आणि संध्याकाळपर्यंत बाळ हसायला लागलं. आठवड्याने, आजारातून उठलेल्या पोटाला हलकं हवं म्हणून घरात पुन्हा पेजच केली. पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळी एका वेगळ्या बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "उलट्या सुरू व्हायच्या आधी चार तासांत काय काय खाल्लं होतं?" भाचीच्या ओट्याशेजारी दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्याच चौकटींत ती बाळाच्या खाण्याच्या खुणा करायची. तिन्ही तारखांना एकच शब्द होता, "पेज".

पेजेवर कुणाचा संशय जात नाही. ताप आला की पेज, जुलाब झाले की पेज, बाळंतिणीला पेज. बहुसंख्य बाळांना तांदूळ खरोखरच उत्तम मानवतो, त्यामुळे हे वाचून कुणी पेज बंद करू नये. पण काही थोड्या बाळांच्या आतड्यांना विशिष्ट अन्नातलं प्रथिन अजिबात सोसत नाही. या आजाराला फूड प्रोटीन इंड्यूस्ड एन्टेरोकोलायटिस सिंड्रोम म्हणतात, डॉक्टर थोडक्यात 'एफपाइज' म्हणतात. लहान बाळांत तो गाईच्या दुधाने आणि सोयाने होतो, आणि वरच्या अन्नापैकी तांदूळ आणि ओट्स ही त्याची नेहमीची कारणं आहेत. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांचा मारा सुरू होतो, बाळ फिकट आणि सुस्त होतं, काही तासांनी जुलाबही होऊ शकतात. अंगावर पुरळ नसतं, श्वासाला त्रास नसतो. शिवाय त्वचेची किंवा रक्ताची अॅलर्जीची तपासणी केली तर ती बहुधा कोरीच येते, आणि म्हणून घरचे म्हणतात, "बघा, अॅलर्जी नाहीच." इथे तपासणीपेक्षा घड्याळ आणि कॅलेंडर जास्त बोलतात. घरात दुसऱ्या कुणाला उलट्या नाहीत, ताप नाही, बाळ एका दिवसात खडखडीत बरं झालं, आणि तोच पदार्थ दिल्यावर पुन्हा तसंच झालं, तर हे सगळं डॉक्टरांना याच क्रमाने सांगा.

आपण 'अॅलर्जी' हा एकच शब्द वापरतो, पण धान्याच्या बाबतीत त्या शब्दाखाली निदान तीन वेगळे आजार येतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. पहिला वर सांगितला. दुसरा म्हणजे ताबडतोब होणारी अॅलर्जी, आणि धान्यांत तिचं मुख्य कारण गहू. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, खोकला किंवा घरघर सुरू होते. तिसरा आजार सिलिअॅक. तो अॅलर्जी नव्हेच. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराचीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तराला इजा करते. तो हळूहळू येतो. गहू सुरू होऊन काही महिने उलटल्यावर वजन वाढायचं थांबतं, पोट फुगतं, शी पातळ आणि चिकट होते, बाळ किरकिरं होतं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी या मुलांचा आणि गव्हाचा संबंध दाखवून दिला. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, या निरीक्षणाने त्यांच्या म्हणण्याला मोठं बळ मिळालं.

सिलिअॅकबद्दल एक गोष्ट अगदी ठासून सांगते. शंका आली की आई-वडील आधी गहू बंद करतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला जातात. तसं करू नका. रक्तातली तपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा घेऊन केलेली तपासणी, दोन्ही मूल गहू खात असतानाच खात्रीचा निकाल देतात. आधीच गहू बंद केला तर खोटा दिलासा मिळतो, आणि पुढे निदानासाठी त्या मुलाला मुद्दाम गहू खायला घालायची वेळ येते. गांधी-सूज-श्वास असा ताबडतोबीचा त्रास असेल तर मात्र तो पदार्थ त्याच क्षणी बंद करायचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखूनही बघायचा नाही.

आणि बऱ्याच तक्रारी यांतल्या कशातच बसत नाहीत. तोंडाभोवतीचा लालसरपणा पुष्कळदा लाळेमुळे असतो. नाचणी खाल्ल्यावर शी गडद होते, मक्याचे किंवा डाळीचे कण तसेच पडतात. उन्हाळ्यात उष्टावण झालं तर घामोळं आणि नवं अन्न एकाच आठवड्यात येतं आणि दोष अन्नावर जातो. दात येताना शी थोडी बदलली तरी आदल्या दिवशीच्या उपम्याकडे बोट दाखवलं जातं. एका धान्यावर असा चुकीचा ठपका बसला की तो वर्षानुवर्षं निघत नाही. मी अशी तीन-चार वर्षांची मुलं पाहिली आहेत ज्यांच्या घरात गहू, दूध, अंडं, शेंगदाणा सगळं 'बंद' आहे, आणि कशामुळे बंद केलं ते कुणाला आठवत नाही.

तेव्हा सुरुवातच नीट करू. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध आणि त्यानंतर वरचं अन्न, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आपल्याकडचे डॉक्टरही सांगतात. पहिलं धान्य पाण्यात शिजवून द्या. हे मी मुद्दाम म्हणते, कारण आपल्याकडे पहिला घास म्हणजे खीर. रवा, दूध, तूप, वेलदोडा, वर बदामाची पूड. गांधी उठल्या तर चोर कोण? रवा की दूध की बदाम? या वयात दुधाची अॅलर्जी गव्हापेक्षा जास्त दिसते, आणि तरी खिरीनंतर बोल रव्याला लागतो. उष्टावणाला खीर हवीच असेल तर तांदूळ, मग गहू, मग दूध असं एकेक करून आधी घरी देऊन झालेलं असू दे. समारंभ पंधरा दिवस पुढे गेला तर मामा रागावणार नाही.

नवं धान्य सकाळी किंवा दुपारी द्यावं, संध्याकाळी नको. त्रास व्हायचाच तर दवाखाना उघडा असताना होऊ दे. पहिल्या दिवशी अर्धा चमचा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन-चार. या तीन दिवसांत दुसरं नवं काही नको. सर्दी-ताप असताना किंवा लस दिली त्या दिवशी नवं धान्य नको, कारण मग ताप लसीचा की पुरळ अन्नाचं, हे कळायला मार्ग राहत नाही. घरोघरी करतात ती खिमट उत्तमच. पण तांदूळ आणि मुगाची डाळ आधी वेगवेगळी देऊन झालेली असावी. आठ-दहा धान्यं-कडधान्यं भाजून दळलेली 'पौष्टिक पावडर' हौसेने करून पाठवणाऱ्या आजीला सांगा, डबा आणखी दोन महिन्यांनी उघडू. अंगणवाडीतून मिळणारी पाकिटंही मिश्र धान्यांची असू शकतात. पाकिटावरचे घटक वाचा, आणि बाळाला त्रास झाला असेल तर सेविकाताईंना सांगून ठेवा.

घाबरून गहू एक वर्षापर्यंत लांबवणाऱ्या आयाही मला भेटतात. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगत. आता सल्ला बदलला आहे. लंडनमध्ये जोखमीच्या ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लीप' अभ्यासात, चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू करून नियमित दिलेल्या मुलांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. हा अभ्यास गव्हाचा नव्हता. पण गहू उशिरा देण्याने संरक्षण मिळतं याला आधार नाही, एवढं आज स्पष्ट आहे. बाळाच्या अंगावर बरा न होणारा तीव्र इसब असेल, किंवा दूध-अंड्याची अॅलर्जी आधीच निघाली असेल, तर मात्र पहिला घास कसा आणि कुठे द्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

इसबाचा विषय निघाला म्हणून कणकेच्या गोळ्याबद्दल बोलते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाई तेल-हळदीत मळलेला कणकेचा गोळा बाळाच्या पाठीवरून, कपाळावरून फिरवतात. लव जावी हा हेतू. शाबूत त्वचेवर त्याने काही बिघडत असेल असं नाही. पण कोरड्या, फुटलेल्या, खरवडलेल्या त्वचेतून अन्नाचं प्रथिन शरीरात शिरलं तर प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजायला शिकू शकते. जपानमध्ये तोंड धुण्याच्या एका साबणात गव्हाचं विघटित प्रथिन होतं. तो वापरून दोन हजारांहून जास्त माणसांना गव्हाची अॅलर्जी झाली आणि नंतर पोळी-पाव खाल्ल्यावरही त्रास होऊ लागला. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत मागवावा लागला. ती मोठी माणसं होती, आधी गहू बिनत्रास खात होती. म्हणून इसब असलेल्या बाळाच्या अंगाला कणीक, डाळीचं पीठ, दुधाची साय काही लावू नका. लव आपोआप जाते. बाईंना समजावून सांगितलं तर त्या ऐकतात. त्यांनी शेकडो बाळं हाताळलेली असतात आणि तडकलेली त्वचा त्यांनाही ओळखू येते.

आता गव्हाची अॅलर्जी डॉक्टरांनी नक्की केली आहे असं धरू. पोळी, पाव, बिस्किट, रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया हे कुणीही सांगेल. आपल्या स्वयंपाकघरात गहू लपतो तो वेगळ्याच डब्यांत. मऊ भातावर घालतो त्या मेतकुटात पुष्कळ घरी गहू भाजून घातलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात बहुधा गहू आणि डाळं असतं. बाजारातला पुडीचा हिंग हा निखळ हिंग नसतो, तो मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला असतो. म्हणजे बाळाच्या वरणात गहू चिमटीने जातो आणि कुणाच्या ध्यानीमनी नसतं. डबीवर घटक छापलेले असतात, तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो.

खपली गव्हाबद्दल तर फारच गैरसमज आहे. खपली चवीला छान, खिरीला उत्तम, काही मोठ्या माणसांना पोटाला बरा वाटतो. पण तो गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे आणि अॅलर्जी करणारी प्रथिनंही आहेत. 'खपली चालतो' असं ऐकून गव्हाच्या अॅलर्जीच्या बाळाला त्याची खीर देणं धोक्याचं आहे. बन्सी, शरबती, लोकवन, कुठलीही जात घ्या, उत्तर तेच. जव टाळावा लागेल का, हे प्रत्येक मुलागणिक वेगळं असतं, ते डॉक्टर ठरवतील. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण कारखान्यात ते गव्हासोबत हाताळलं जातं.

मग गिरणी. ज्वारीचं दळण गव्हामागून पडलं तर पाट्यात राहिलेला गहू पिठात येतो. आपल्या बायका चवीसाठी आणि भाकरी चांगली थापता यावी म्हणून गिरणीवाल्याला सांगतातच, "दादा, आमचं दळण ज्वारीवर घाला." तेच वाक्य आता बाळासाठी सांगायचं. सकाळी गिरणी झाडून सुरू होते तेव्हा पहिला नंबर लावा, आधी किलोभर तांदूळ दळून घ्या आणि ते पीठ बाळाला न देता मोठ्यांच्या घावनांना वापरा. अॅलर्जी तीव्र असेल किंवा सिलिअॅक असेल तर एवढ्याने भागत नाही. त्या घरी घरघंटी वेगळी ठेवावी किंवा मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडं-थोडं दळून चाळावं. पोळपाट, लाटणं, तवा, पिठाची चाळण वेगळी. ज्या ताटलीत कणीक मळली त्यातच भाकरीचं पीठ मळू नये.

विकतच्या पदार्थांवर २०२० च्या नियमांप्रमाणे ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, शेंगदाणा, सुकामेवा, सोया, मासे वगैरे अॅलर्जीचे घटक छापणं बंधनकारक आहे. बारीक अक्षरात असतं, पण असतं. सुट्या फरसाणावर आणि बेकरीच्या काचेमागच्या नानकटाईवर काहीच नसतं, तेव्हा ते बाळाला नकोच.

एवढं सगळं टाळून बाळाने खायचं काय, हा प्रश्न पंजाबात जितका अवघड आहे तितका आपल्याकडे नाही. नाचणीचं सत्त्व, ज्वारीची आंबील, भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून, वरीचा भात, राजगिऱ्याच्या लाह्यांची पूड, मक्याच्या कण्यांची पेज, बाजरीची मऊ खिचडी. गहू गेला म्हणून बाळ उपाशी राहत नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण सत्त्व काढताना कोंडा फेकला जातो, म्हणून दात आल्यावर अख्ख्या पिठाकडे वळा. सहा महिन्यांनंतर लोह कमी पडू लागतं. डाळी, अंडं, मासे-मटण ज्या घरी चालतं त्या घरी तेही वेळेवर सुरू करा. तांदळाचा त्रास असलेल्या भाचीच्या बाळाचं काम नाचणी आणि मुगावर चाललं, पण तिथेही प्रत्येक नवं धान्य डॉक्टरांशी बोलून, कारण एफपाइजमध्ये एका धान्याचा त्रास असलेल्या काही बाळांना दुसऱ्याचाही होतो.

बाळ अंगावर पीत असेल तर आईने गहू सोडावा का? बहुतेक वेळा गरज नसते. बाळंतिणीच्या ताटातून आधीच अर्धे पदार्थ काढलेले असतात, त्यात पोळीही काढली तर ती खाणार काय? डॉक्टरांनी स्पष्ट कारण देऊन सांगितलं तरच, तेही ठरावीक मुदतीपुरतं.

तपासण्यांबद्दल सावध करते. रक्ताच्या एका नमुन्यात शंभर-दीडशे पदार्थांची अॅलर्जी सांगणारी पॅनेल्स मिळतात, कागद लाल-पिवळ्या रंगांनी भरून येतो. तपासणीत गव्हाचा आकडा वाढलेला असणं आणि गहू खाऊन त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गवताच्या परागांची संवेदना असलेल्यांत धान्यांचे आकडे विनाकारण वाढलेले दिसतात. आयजीजी नावाच्या तपासणीवरून तर अॅलर्जी ठरतच नाही. आधी नोंद, मग त्या नोंदीतल्या संशयितापुरती तपासणी, आणि शेवटी गरज पडली तर रुग्णालयात डॉक्टरांसमोर तो पदार्थ थोडा-थोडा खाऊ घालून खात्री, हा क्रम धरा. नोंदीत पाच गोष्टी हव्यात: काय खाल्लं, किती, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला आणि कसा संपला. पुरळाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत ते नाहीसं होतं.

धोक्याची वेळ ओळखण्यात मात्र नोंदीची वाट बघू नका. खाल्ल्यावर थोड्या वेळात बाळाला श्वास घ्यायला त्रास होतोय, आवाज घोगरा झाला, सतत खोकतंय, जीभ सुजली, किंवा ते अचानक निस्तेज होऊन लुळं पडलं, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात धाव घ्या. यावरचं औषध मांडीच्या स्नायूत दिलं जाणारं अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन आहे. अॅलर्जीचं सिरप पाजून घरी बघत बसण्यात मोलाची मिनिटं जातात. बाळाला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. खांद्यावर उभं धरून धावू नका. उलट्यांचा मारा असेल आणि बाळ पेंगत असेल, तर दारात पोचल्यावरच सांगा, "याला अमुक खाल्ल्यावर पूर्वीही असं झालं होतं." भाचीने हे वाक्य कागदावर लिहून लसीकरणाच्या कार्डात ठेवलं आहे. पाळणाघरात एक प्रत, आजोळी एक.

हा बंदोबस्त जन्मभराचा नसतो. सिलिअॅक तेवढा आयुष्यभर राहतो. एफपाइज बहुतेक मुलांत तीन ते पाच वर्षांच्या आत जातो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गव्हाची अॅलर्जी असलेल्या १०३ मुलांच्या अभ्यासात चौथ्या वर्षापर्यंत २९ टक्के, आठव्यापर्यंत ५६ आणि बाराव्यापर्यंत ६५ टक्के मुलं गहू खाऊ लागली होती. म्हणून दर वर्षा-दीड वर्षाने डॉक्टरांना विचारा, पुन्हा तपासून बघायची वेळ आली का. स्वतः घरी चाखवून बघू नका, लग्नाच्या पंगतीत तर नाहीच. रुग्णालयात त्या चाचणीला जाताना पदार्थ बहुधा घरून शिजवून न्यायला सांगतात. तांदळाची चाचणी असेल तर साधा भात, मीठ न घालता, त्याच दिवशी केलेला. सोबत मुलाचा नेहमीचा चमचा आणि वाटी, कपड्यांचे दोन-तीन जोड, एखादं आवडतं खेळणं, आणि निदान अर्धा दिवस बसायची तयारी. भाचीचा मुलगा अडीच वर्षांचा असताना ते गेले होते. पहिला दाणा दिला तेव्हा पावणेदहा वाजले होते. तिने वेळ लिहून ठेवली.